रुंदी सहाशे चाळीस

केरू बनसोडे भाऊसाहेबांनी तहसील कचेरीत चौतीस वर्षं नोकरी केली, आणि त्या चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद जावक क्रमांकाशिवाय बाहेर गेला नाही. कवठे महांकाळहून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, सांगलीत हौसिंग सोसायटीत राहायला आले, तरी खोड गेली नाही. दूधवाल्याला ‘उद्या अर्धा लिटर जादा’ अशी चिठ्ठी ठेवायची तरी कोपऱ्यात क्रमांक आणि तारीख पडायची. दूधवाला त्या चिठ्ठ्या जपून ठेवायचा. आपल्याला कुणीतरी सरकारी पत्र लिहितं याचा त्याला अभिमान होता. अशा या माणसाला जगात एकच पत्र लिहिता येत नव्हतं, ते म्हणजे स्वतःच्या मुलीला.

मुलगी एकुलती एक, पायल. भाऊसाहेबांचे वडील त्याच तहसीलीच्या दारात कोतवाल म्हणून उभे राहायचे. भाऊसाहेब दारातून आत येऊन टेबलाशी बसले. पायलनं टेबलाच्या पलीकडच्या, साहेबाच्या खुर्चीत बसायचं, हे त्यांनी ती बालवाडीत असतानाच ठरवून टाकलं होतं. पोरगी नायब तहसीलदाराची परीक्षा पासही झाली. रुजू होण्याचं पत्र आलं, आणि त्याच महिन्यात ती लग्न करून नवऱ्याबरोबर मस्कतला गेली. जावई प्रशांत, खंडाळ्याचा, इंजिनिअर, नाव ठेवायला जागा नाही असा. लग्नाला भाऊसाहेबांनी आडकाठी केली नाही. बुद्धवंदनेला पहिल्या रांगेत बसले, जेवणाच्या पंगतीत स्वतः फिरले. पण ती निघाली त्या सकाळी “मला काम आहे” म्हणाले आणि एसटी स्टँडवर गेले नाहीत. निवृत्त माणसाला सकाळी साडेसहाला कसलं काम असतं, हे विचारायची घरात कुणाची टाप नव्हती.

तेव्हापासून दर शुक्रवारी मस्कतहून फोन यायचा. भाऊसाहेब घड्याळ बघून फोनजवळच बसलेले असायचे, पहिल्या घंटीला उचलायचे, “बरी आहेस ना? आईला देतो,” एवढं बोलायचे आणि रिसीव्हर बाळाबाईंच्या हातात द्यायचे. असे चौदा महिने गेले. ऑक्टोबर नव्व्याण्णव उजाडला आणि पायलला सहावा लागला.

“पयलं बाळंतपण हाय,” बाळाबाई एका शुक्रवारी फोन ठेवून म्हणाल्या. “ते माहेरातच व्हायला पायजे. मी दर बारीला म्हंती, ये बाई. ती म्हंती, बघू. डिसेंबर लागला की तिला विमानात घेत न्हाईत म्हणं.”

“मग मी काय नको म्हटलंय?”

“ये बी म्हटलं न्हाई की. आवं, तिला माझं बोलावणं नकोच हाय. तुमचं पायजे. नाक कुणाचं घेतलंय तिनं?”

भाऊसाहेबांनी त्या आठवड्यात तीन मसुदे केले. पहिला ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असा सुरू झाला. दुसऱ्यात ‘आपणांस याद्वारे कळविण्यात येते की’ असं आलं. तिसऱ्यात त्यांनी हे दोन्ही कटाक्षानं टाळलं, तेव्हा कागदावर नुसती तारीख उरली. तिन्ही फाडले. पोरीला हे असं पत्र गेलं तर ती येणार नाहीच, वर हसेल, एवढं त्यांनाही कळत होतं.

इथवर सगळं घरात होतं. पुढं जे झालं ते सोसायटीमुळं झालं.

सोसायटीचे चेअरमन म्हणजे निवृत्त सुभेदार जोतीराम पाटील. ते पुण्याला गेले असताना तिथल्या कुठल्याशा सोसायटीचं इंटरनेटवर पान असल्याचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि आल्या आल्या मीटिंग बोलावली. “पुण्याचं हाय, तर आपलं का न्हाई?” एवढा एकच मुद्दा होता. ठराव झाला. सेक्रेटरी भाऊसाहेब, म्हणून काम त्यांच्या गळ्यात पडलं. लगेच सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या विजयमालाबाईंना पानावर त्यांच्या शेवग्याच्या झाडाचा फोटो हवा होता, म्हणजे झाड कुंपणाच्या आत आहे हे जगाला कळेल आणि शेजारच्या प्लॉटवाल्यांचं तोंड बंद होईल. सुभेदारांना गेटवरचा वॉचमन सलाम करताना हवा होता. पण वॉचमन संध्याकाळी यायचा आणि फोटो सकाळी काढायचे होते, म्हणून शेवटी सुभेदार स्वतःच टोपी घालून गेटवर उभे राहिले. कुणी म्हणालं, उपनिबंधकांची परवानगी लागेल. भाऊसाहेबांनी रीतसर विचारणा केली. उत्तर आलं नाही, तेव्हा हरकत नाही असं समजण्याचा आणखी एक ठराव झाला.

पान तयार करायचं काम दिलं बादशहा मुलाणींना. बादशहाभाईंची टायपिंग इन्स्टिट्यूट. सांगलीतले निम्मे कारकून त्यांच्याच मशिनवर बोटं मोडून शिकलेले. आता टायपरायटर कापडाखाली झाकून ठेवले होते आणि तीन कॉम्प्युटर आले होते. बायको मेहरुनबी क्लास सांभाळायच्या, आणि बादशहाभाई पन्नाशीला टेकल्यावर उशीएवढं जाड पुस्तक मांडीवर घेऊन जावास्क्रिप्ट शिकत होते. नव्या विद्येचं त्यांना लय वेड. पण शिकलेलं वापरायला सांगलीत गिऱ्हाईकच मिळेना.

“भाऊसाहेब, फोटो लय झाल्यात,” ते एक दिवस म्हणाले. “कॉम्प्युटरवरच उघडाया पाच मिंटं लागत्यात. उद्या कुणी मोबाइलवर उघडलं तर जलमात उघडायचं न्हाई.”

“मोबाइलवर कोण उघडतंय?” भाऊसाहेब हसले. सोसायटीत मोबाइल दोघांकडं होते, आणि ते दोन्ही नुसते वाजायचे. पण हसता हसता ते थांबले. प्रशांतला कंपनीनं दिलेल्या फोनाविषयी बाळाबाई चार वेळा सांगून चुकल्या होत्या. चष्म्याच्या डबीसारखा उघडतो, आत बारीक बटणं आणि आडवा पडदा, त्यावर इंटरनेट दिसतं. “आमच्या जावयाकडं आहे तसला फोन,” ते सावकाश म्हणाले.

बादशहाभाईंच्या चेहऱ्यावर ईद उतरली. “मग पानानंच वळखायला पायजे, आल्याला मानूस फोनवरनं आलाय का कॉम्प्युटरवरनं. फोनवाल्याला साधा मजकूर, कॉम्प्युटरवाल्याला फोटो. जावास्क्रिप्टनं हुतंय ते.”

“ओळखायचं कसं?”

इथं दोन दिवस गेले. बादशहाभाईंनी आधी, येणाऱ्याला नावच विचारायचं, असं ठरवलं. पान उघडणारा प्रत्येक प्रोग्रॅम म्हणे स्वतःची ओळख सांगतो. त्यांनी तपासलं तर जो तो एकच नाव सांगत होता, खरा कुठला आणि तोतया कुठला कळायला मार्ग नाही. भाऊसाहेबांना यात नवल वाटलं नाही. एकाच तलाठ्याच्या सहीचे चाळीस दाखले त्यांनी एका दुपारी पाहिलेले होते. मग बादशहाभाई म्हणाले, सरळ माणसालाच विचारू, तुम्ही फोनवर आहात का, हो किंवा नाही दाबा.

“मुळीच नाही,” भाऊसाहेब म्हणाले. “अर्जदाराच्या तोंडी सांगण्यावर कधी विसंबायचं नसतं. पुरावा घ्या.”

पुरावा सापडला. पडद्यावर किती ठिपके बसतात हे जावास्क्रिप्टला गुपचूप विचारता येतं. बादशहाभाईंनी प्रशांतला ई-मेल टाकून माहिती मागवली. फोनाचा पडदा रुंदीला सहाशे चाळीस ठिपके. इन्स्टिट्यूटमधले कॉम्प्युटर आठशेचे. झालं. रुंदी सहाशे चाळीस किंवा कमी असेल तर तो फोन, जास्त असेल तर कॉम्प्युटर. भाऊसाहेबांनी हा नियम दोनदा वाचला आणि बारीक अक्षरात खाली ‘योग्य वाटते’ असं लिहिलं.

“आता फोनवाल्याला दाखवायचं काय?” बादशहाभाईंनी विचारलं.

“मजकूर मी देतो,” भाऊसाहेब म्हणाले. “गोपनीय आहे. तुम्ही वाचायचा नाही.”

त्यांच्या डोक्यात जे आलं होतं ते एखाद्या अव्वल कारकुनालाच सुचावं. सोसायटीचं पान उघडू शकेल असा फोन त्यांच्या माहितीत अख्ख्या जगात एकच. म्हणजे फोनसाठीचा मजकूर अख्ख्या जगात एकाच घरात वाचला जाणार. समोरासमोर बोलायचं नाही, फोनवर आवाज कापायची भीती नाही, पोस्टमनच्या हातात पाकीट नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते इन्स्टिट्यूटमध्ये कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरशी बसले. त्या फोनात मराठी अक्षरं नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं होतं. ते एका परीनं बरंच झालं. त्या अनोळखी अक्षरांत त्यांची कचेरीची भाषा दोन-तीन ओळींपुढं बसेना, आणि जी बसली ती घरातली होती. बादशहाभाई शब्दाला जागले. तासभर भिंतीकडं तोंड करून बसले.

पान चढलं. प्रशांतला पत्ता गेला. शुक्रवारी बाळाबाईंनी फोनवर निरोप आणला, की प्रशांत वाळवंटातल्या साइटवर आहे, फोन त्याच्याजवळ, आणि तिथं रेंज नाही. मस्कतला आला की बघतील दोघं. भाऊसाहेब उठून भिंतीपाशी गेले. कॅलेंडरवर बारा नोव्हेंबर होता.

चौदा तारखेला, रविवारी, सोसायटीच्या पानाचं उद्घाटन इन्स्टिट्यूटमध्ये ठरलं. सगळे सभासद येणार, सुभेदार बटण दाबणार, मग नारळ. भाऊसाहेब सवयीप्रमाणं अर्धा तास आधी पाहणीला आले. शेवटच्या खुर्चीत बसून त्यांनी पडद्याकडं पाहिलं. अक्षरं मुंगीएवढी दिसत होती.

“मागच्याला काही दिसणार नाही,” ते मेहरुनबींना म्हणाले. बादशहाभाई नारळ आणायला गेले होते. “निम्मे सभासद साठीच्या पुढचे आहेत. अक्षरं मोठी करून घ्या.”

“करती की,” मेहरुनबी म्हणाल्या. मोतीबिंदूवाल्या आज्या टायपिंगच्या पोरींना सोडायला आल्या की त्यांनाही त्या असंच पडद्यावरचं दाखवायच्या. चार ठिकाणी टिचक्या मारल्या, पडदा एकदा काळा झाला, परत लागला. अक्षरं दणदणीत मोठी दिसू लागली. भाऊसाहेबांनी समाधानानं मान हलवली. अक्षरं मोठी झाली म्हणजे पडद्यावरचे ठिपके कमी झाले, आठशेचे सहाशे चाळीस झाले, हे त्यांच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं.

अकरा वाजता खोली भरली. बाळाबाई तिसऱ्या रांगेत नवी साडी नेसून बसल्या. सुभेदारांनी बटण दाबलं. इंटरनेटची लाइन बराच वेळ कण्हली, कुथली आणि लागली. पडदा पांढरा झाला. शेवगा आला नाही. गेटवरचे सुभेदार आले नाहीत. इंग्रजी अक्षरांतला मजकूर तेवढा आला.

सांगलीतल्या दुसऱ्या कुठल्याही सोसायटीत ते कुणाला चटकन वाचता आलं नसतं. पण सुभेदारांची अख्खी नोकरी फौजेत रोमन हिंदी वाचण्यात गेलेली. इंग्रजी अक्षरांतली आपली भाषा त्यांना वर्तमानपत्रापेक्षा सोपी जायची. स्वागतपर मजकूर असणार असं समजून त्यांनी छाती भरून घेतली आणि परेड ग्राउंडच्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

“जावक क्रमांक एक. विषय, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणेबाबत. संदर्भ, तुझे शुक्रवारचे फोन, ज्यांना मी उत्तर दिले नाही.”

भाऊसाहेब उठले. म्हणजे उठायचं त्यांनी ठरवलं, पण पाय उठले नाहीत.

“चि. पायल. तू गेलीस त्या सकाळी मला काही काम नव्हतं. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं उभा होतो. तुझी रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत दिसत होती. तू दोनदा मागं वळून बघितलंस ते मी बघितलं.”

सुभेदारांचा आवाज इथं जरा उतरला. आता थांबावं हे त्यांनाही कळत होतं, पण फौजेत अर्धा वाचलेला हुकूम हा हुकूमच नसतो.

“तुझी सायकल मी विकली नाही. विकली म्हणून आईला सांगितलंय. ती बादशहाभाईंच्या बोळात ठेवलीय. दर रविवारी जाऊन हवा भरतो. तू खुर्ची सोडलीस याचा मला राग होता. आता नाही. खुर्ची काय, दुसरं कुणीतरी बसलं. तुझ्या जागी घरात दुसरं कुणी बसत नाही. मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. डिसेंबरच्या आत ये. तुझा तात्या.”

विजयमालाबाई पदरानं डोळे पुसत होत्या, आणि शेवग्याचं त्यांना काही सुचलं नाही. बाळाबाई नवऱ्याकडं बघत होत्या. छत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस एवढं एका दमात बोलल्याचं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि तेही सुभेदारांच्या तोंडून.

भाऊसाहेबांनी कशीबशी वाचा फोडली. “हा मजकूर कॉम्प्युटरसाठी नव्हता,” ते म्हणाले. खुलासा म्हणून तो बिनतोड होता. कुणाच्या काही उपयोगाचा नव्हता, एवढंच.

तेवढ्यात बादशहाभाई नारळ घेऊन दारात आले, पडदा पाहिला आणि नारळासकट खाली बसले. “ह्यानं सोताला फोन समजून घेतलंय,” ते म्हणाले. “सहाशे चाळीस कुणी केलं?”

“भाऊसाहेबांनीच सांगितलं, मोठं करा,” मेहरुनबी म्हणाल्या. “आन तुमी तरी नुसती रुंदी का बघितली? कापड घेताना नुसता पन्हा बघून चालतंय व्हय? लांबी नगं बघायला? फोनचा पडदा उंचीला वीतभर, ह्येचा हातभर.”

जाड पुस्तकाच्या नऊशे पानांत बादशहाभाईंना जे दिसलं नव्हतं ते असं दोन वाक्यांत निघालं.

“काढून टाका तो मजकूर,” भाऊसाहेब म्हणाले. आवाज कचेरीतला होता, पण कान लाल झाले होते. “आत्ताच्या आत्ता. सोसायटीच्या पानावर खाजगी मजकूर घालणं ही सेक्रेटरीची गंभीर चूक आहे. मी राजीनामा देतो. पण ते आधी उतरवा.”

“आन तिनं बघितलंच नसलं अजून, तर?” बाळाबाईंनी विचारलं.

आपली लाज वाचली तर पोरीपर्यंत बोलावणं पोचत नाही, आणि बोलावणं राहिलं तर आपण उघडे पडतो, हे भाऊसाहेबांना दिसत होतं. चौतीस वर्षांत अशी फाइल त्यांच्यापुढं आली नव्हती.

सुभेदार उभे राहिले. “सगळे सभासद हजर हायत. मी हितंच मीटिंग घेतो. इषय एकच. फोनचा मजकूर पायल येईस्तोवर हलवायचा न्हाई.”

“सात दिवसांची नोटीस लागते,” भाऊसाहेब क्षीणपणे म्हणाले.

“तातडीची बाब. नोटीस माफ. कोण मांडतंय?”

“मी मांडती,” विजयमालाबाई म्हणाल्या.

“अनुमोदन?”

तिसऱ्या रांगेतून बाळाबाई उठल्या. सोसायटीच्या मीटिंगला त्या आजवर चहा सांगण्यापुरत्या बोललेल्या. “माझं हाय,” त्या म्हणाल्या. “लिवा आता.”

आणि लिहिणारा सेक्रेटरी एकच होता. भाऊसाहेबांनी इतिवृत्ताची वही मांडीवर घेतली आणि स्वतःविरुद्धचा ठराव स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला, सूचक आणि अनुमोदकांच्या नावांसकट. ठराव सर्वानुमते मंजूर. फक्त सर्वानुमते लिहिताना त्यांनी क्षणभर पेन थांबवलं, आणि मग कुणाचंच मत विरुद्ध नव्हतं, अगदी त्यांचंही, म्हणून तसंच लिहिलं.

बादशहाभाईंनी त्याच दुपारी उंचीही विचारायची तजवीज केली. शेवगा आला, सुभेदार आले. फोनचा मजकूर फोनसाठी उरला.

पण भाऊसाहेबांच्या मागचं शुक्लकाष्ठ गेलं नाही. दूधवाला विचारू लागला, ताई कवा येणार? वॉचमननं सलाम करून विचारलं. विजयमालाबाई डिंकाच्या लाडवांचं सामान विचारायला आल्या आणि, उत्तर आल्यावरच करीन म्हणून, तशाच परत गेल्या. शुक्रवारी, एकोणीस तारखेला, भाऊसाहेब नेहमीप्रमाणं फोनजवळ बसले. सहा वाजले, सात वाजले. फोन वाजला नाही. पंधरा महिन्यांत पहिल्यांदाच वाजला नाही. “वाचलं असंल, म्हणून नसंल केला,” बाळाबाई म्हणाल्या, आणि मग आपण काय बोललो ते कळून ताट वाढायला उठल्या. भाऊसाहेब जेवले नाहीत. रविवारी सायकलला हवा भरायला तेवढे गेले.

सोमवारी सकाळी बादशहाभाई आले, पायलच्याच सायकलवर बसून. हातात प्रिंटरचा लांब कागद, कडेला भोकांच्या पट्ट्या तशाच. “ई-मेल हाय,” ते म्हणाले. “मी वाचलं न्हाई. म्हंजे वाचलं. पर भिताडाकडं तोंड करून.”

भाऊसाहेबांनी चष्मा लावला.

इंग्रजी अक्षरांतलं मराठी होतं. ‘प्रति, मा. तात्या. विषय, माहेरी रुजू होणेबाबत. संदर्भ, आपले जावक क्रमांक एक. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपले पत्र मिळाले. शुक्रवारी फोन केला नाही, कारण रडत होते. तुमच्यासारखं मलाही बोलता येत नाही. त्या सकाळी टाकीच्या कडेला तुमचं धोतर दिसत होतं. म्हणूनच दोनदा मागं वळून बघितलं. तरी मी दि. २८ नोव्हेंबर रोजी मध्यान्हपूर्व सांगली एसटी स्टँडवर हजर होत आहे. कृपया रुजू करून घ्यावे. आपली आज्ञाधारक, पायल. प्रत, बाळाबाई यांना माहितीसाठी.’

“काय म्हंती?” बाळाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

कचेरीत चौतीस वर्षं शुद्ध बोललेला माणूस. त्यांना एकही शुद्ध शब्द सापडला नाही. “पोरगी हजर हुतीया गं,” ते म्हणाले.

बाळाबाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या. बादशहाभाई भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

पायलच्या नायब तहसीलदारकीच्या रुजू अहवालावर शेरा मारायचा मान एखाद्या साहेबाला मिळणार होता. तो कागद कधी आलाच नव्हता. भाऊसाहेबांनी कपाटातून घरची नोंदवही काढली, आवकच्या कोऱ्या पानावर क्रमांक एक घातला, आणि मग प्रिंटरच्या त्या कागदाच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं साहेब लोक लिहितात तिथं, लिहिलं, ‘रुजू करून घ्यावे.’ खाली सही केली. सहीखाली हुद्दा लिहायची सवय होती. पेन जरा वेळ तसंच धरून त्यांनी हुद्दा लिहिला, ‘बाप.’